जुन्या रेंजफाइंडरसाठी परवडणारी वाइड लेन्स कशी निवडायची

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटो काढताना पहिली अडचण जागेची येते. दोन मागांमधल्या वाटेतून मागे सरकता येत नाही. तीन मीटरवरून ५० मिमी लेन्समध्ये साधारण २.२ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, त्यामुळे माग दोन्ही बाजूंनी कापला जातो. त्याच जागेवरून ३५ मिमीमध्ये ३.१ मीटर, २८ मिमीमध्ये ३.९ मीटर आणि २१ मिमीमध्ये ५.१ मीटर मावतात. हा हिशोब कुणालाही करता येईल: अंतराला ३६ ने गुणायचं, कारण फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद असते, आणि लेन्सच्या मिमीने भागायचं. लेन्स शोधायला बसण्याआधी तुम्ही जिथे नेहमी फोटो काढता त्या दोन-तीन जागा टेपने मोजा आणि हा हिशोब करा. बहुतेकांचं काम ३५ किंवा २८ मध्ये भागतं. त्याहून रुंद लेन्स लागणारे थोडेच असतात.

रेंजफाइंडर म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. त्यात आरसा नसतो. त्यामुळे लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ आणता येते, लेन्सची रचना पुढे-मागे जवळजवळ सारखी ठेवता येते आणि सरळ रेषा सरळच राहतात. भुईकोट किल्ल्याचा तट किंवा इंद्रभुवन इमारतीचा दर्शनी भाग चौकटीच्या कडेला आला तरी वाकत नाही. हा गुण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लेन्समध्येही आहे, म्हणून या कॅमेऱ्यांवर वाइड लेन्ससाठी मोठा खर्च करायची गरज पडत नाही.

गरज आहे ती आपल्या बॉडीला नेमकं काय चालतं हे समजून घेण्याची. लेन्स किती एफची आहे, म्हणजे तिचं छिद्र किती मोठं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी चार गोष्टी पाहायच्या: माउंट (लेन्स बॉडीवर जिथे बसते ती जागा), रेंजफाइंडरशी जोडणी (लेन्सचा फोकस फिरवला की रेंजफाइंडरही हलतो ती), मागच्या काचेला लागणारी जागा आणि व्ह्यूफाइंडर (चौकट पाहायची खिडकी). यातली एक जरी जुळली नाही, तरी लेन्स कपाटात पडून राहते.

३९ मिमीचे आटे म्हणजे सगळं जुळलं असं नाही

झोर्की, फेड, स्क्रू माउंटची लायका, कॅनन पी, कॅनन ७ आणि कोसिनाची बेसा आर या सगळ्या कॅमेऱ्यांना ३९ मिमी व्यासाचे आटे आहेत, इंचाला २६ वळसे. लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी. हे अंतर हाच खरा निकष, कारण ३९ मिमीचे आटे आणखी बऱ्याच ठिकाणी वापरलेले आहेत आणि विक्रीच्या पानांवर सगळ्यांसमोर ‘एम३९’ एवढंच लिहिलेलं असतं.

सुरुवातीच्या झेनिट कॅमेऱ्यांचं माउंटही एम३९ होतं. पण झेनिट आरशाचा कॅमेरा, त्याचं अंतर ४५.२ मिमी. मीर-१ ही ३७ मिमी एफ २.८ लेन्स झेनिटसाठी एम३९ मध्ये निघाली होती. वाइड आहे, स्वस्त आहे, रशियन आहे, म्हणून झोर्कीवाले ती घेतात. ती बॉडीवर बसतेही, पण अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या गोष्टीवर, फोकस कधीच होत नाही आणि रेंजफाइंडरला ढकलणारी कडी तिच्यात नसते. पॅक्सेट या जर्मन कॅमेऱ्याच्या लेन्सचंही असंच: आटे ३९ मिमी, अंतर ४४ मिमी. डार्करूममधल्या एन्लार्जरच्या लेन्सही बहुधा ३९ मिमीच्याच असतात आणि त्यांना फोकसची रिंगच नसते. म्हणून विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. आट्यांच्या आत, फोकस फिरवल्यावर पुढे-मागे होणारी धातूची गोल कडी दिसली पाहिजे. ती नसेल तर लेन्स एकतर दुसऱ्या कॅमेऱ्याची आहे किंवा रेंजफाइंडरशी न जुळणारी आहे. न जुळणाऱ्या काही लेन्स घेण्यासारख्या असतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

लायका एम बॉडीचं अंतर २७.८ मिमी. स्क्रू माउंटपेक्षा बरोबर १ मिमी कमी. त्यामुळे १ मिमी जाडीच्या अडॅप्टरने स्क्रूची लेन्स एम बॉडीवर चढते. उलटं होत नाही. एम माउंटची लेन्स झोर्कीवर किंवा कॅनन पीवर कुठल्याही अडॅप्टरने बसणार नाही. नव्या चिनी लेन्स बहुतेक एम माउंटच्याच असतात, तेव्हा स्क्रूची बॉडी असणाऱ्यांनी त्यांच्या जाहिराती पाहण्यात वेळ घालवू नये. एमवाल्यांनी अडॅप्टर घेताना त्यावरचे आकडे पाहावेत. ३५-१३५ लिहिलेला अडॅप्टर व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ ची चौकट आणतो, २८-९० लिहिलेला २८ ची. अर्थात, ती चौकट त्या बॉडीत असली तर. एम३ मध्ये ३५ ची चौकट मुळातच नाही, एम२ मध्ये आहे.

अडॅप्टर अगदी स्वस्तातला घेऊ नका. लेन्स फिल्मपासून किती चुकली तर चालतं, याचा अंदाज एफच्या आकड्याला ०.०३ ने गुणून मिळतो. एफ २.८ ला ही मुभा फक्त ०.०८ मिमी आहे आणि एफ ८ ला ०.२४ मिमी. अडॅप्टर ०.१ मिमी पातळ किंवा जाड निघाला तर एफ २.८ वरचे फोटो मऊ येतील आणि एफ ८ वरचे ठीक दिसतील. लोक दोष लेन्सला देतात. डिजिटल कॅलिपरने अडॅप्टरची जाडी चार ठिकाणी मोजा. १.०० आली पाहिजे, आणि चारही ठिकाणी सारखी. लेथचं काम करणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर असतो, तिथे मोजून घेतलं तर आणखी खात्रीचं.

फेडच्या अगदी जुन्या, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बॉडी हा वेगळा विषय आहे. तेव्हा प्रत्येक बॉडी आणि तिची लेन्स एकमेकांशी हाताने जुळवलेली असायची. अंतर २८.८ असेलच याची खात्री नाही, त्यामुळे अशा बॉडीवर दुसरी लेन्स लावायच्या भानगडीत पडू नये. फेड-२ आणि त्यानंतरच्या बॉडींना ही अडचण सहसा येत नाही.

किएव्ह या रेंजफाइंडरचं माउंट पूर्ण वेगळं आहे, ते युद्धाआधीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचं. तिथे किएव्ह माउंटचीच लेन्स लागते. जुन्या निकॉन रेंजफाइंडरच्या ३५ मिमी आणि त्याहून रुंद लेन्सही किएव्हवर चालतात, कारण वाइड लेन्समध्ये जवळ-दूरचा बराच पट्टा स्पष्ट येतो आणि फोकसमधला बारीकसा फरक त्यात लपून जातो. निकॉनच्या ८५ किंवा १३५ मिमी लेन्स मात्र किएव्हवर नीट जुळत नाहीत.

ज्युपिटर-१२

झोर्की, फेड किंवा किएव्ह असेल तर पहिली वाइड लेन्स म्हणून आमची शिफारस हीच. ३५ मिमी, एफ २.८, चार गटांत सहा काचा. लुडविग बर्टेले यांनी झाइस या जर्मन कंपनीसाठी केलेल्या ३५ मिमी बायोगॉन लेन्सवर ती बेतलेली आहे. सोव्हिएत संघात ती अनेक वर्षं बनत राहिली, म्हणून आजही सहज मिळते. एफ २.८ वर मधला भाग चांगला आणि कोपरे मऊ येतात. एफ ५.६ ते ८ वर कोपरेही सुधारतात. सूर्य समोर असेल तर काचेवरच्या जुन्या लेपामुळे फोटो फिका पडतो, तेव्हा हूड लावा किंवा हाताची सावली धरा.

हिची अडचण मागच्या बाजूला आहे. मागची मोठी, फुगीर काच बॉडीत खोलवर, शटरच्या पडद्याजवळ जाते. आतमध्ये लाइटमीटरची दांडी हलत असेल, म्हणजे लायका एम५ किंवा सीएल असेल, तर ही लेन्स लावूच नये. युद्धानंतरच्या कॉन्टॅक्स २ए आणि ३ए मध्येही किएव्ह माउंटची ज्युपिटर-१२ मावत नाही, युद्धाआधीच्या कॉन्टॅक्स २ आणि ३ मध्ये मावते. दुसऱ्या कुठल्याही बॉडीवर लावण्याआधी आत टॉर्च मारा आणि लेन्सच्या वाटेत काही आडवं येतंय का ते पाहा. मिररलेस डिजिटल बॉडीवर लावायचा विचार असेल तर नेमक्या त्या मॉडेलवर चालते का, हे आधी शोधून मगच हात घाला.

ही लेन्स टेबलावर उभी ठेवायची तर मागच्या काचेवरच वजन येतं, म्हणून तिचं मागचं झाकण खोलगट असतं. झाकण नसलेली लेन्स विकायला असेल तर मागच्या काचेवर ओरखडे असण्याची शक्यता धरून चाला. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत दिसत नाही, मागच्या काचेवरचा मात्र दिसू शकतो, कारण ती फिल्मच्या जवळ असते. दोन लेन्समध्ये निवड करायची झाली तर मागची काच स्वच्छ असलेली घ्या, पुढची थोडी घासलेली असली तरी.

अ‍ॅपर्चरची, म्हणजे छिद्र लहान-मोठं करायची, रिंग पुढे, फिल्टरच्या आट्यांच्या आतल्या बाजूला आहे आणि तिला खटका नाही. ४०.५ मिमीचा फिल्टर लावला की तिथे बोट पोचत नाही. आधी एफ ठरवा, मग फिल्टर लावा. फोकस कमीत कमी १ मीटर. रशियन लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनल्याचं वर्ष सांगतात, उदाहरणार्थ ६८ ने सुरू होणारी १९६८ ची.

एक सावधगिरी. स्क्रू माउंटमध्ये ‘कार्ल झाइस येना बायोगॉन’ असं कोरलेली लेन्स कुणी स्वस्तात देत असेल तर ती नाव बदललेली ज्युपिटर-१२ असण्याचीच शक्यता मोठी. लेन्स म्हणून ती वाईट नाही, फक्त पैसे ज्युपिटरचेच द्या.

उन्हात चालणाऱ्या मंद लेन्स

सोलापूरच्या उन्हात एफ २.८ ची गरज नसते, लहान छिद्राची मंद लेन्सही चालते. १०० आयएसओच्या रोलवर भर दुपारी १/१२५ ला एफ १६ येतं. ४०० चा रोल असेल तर फेड-२ च्या सर्वांत जलद शटरवर, म्हणजे १/५०० वर, एफ १६. अशा ठिकाणी एफ ५.६ किंवा ६ पासून सुरू होणारी लेन्स काहीच कमी पडत नाही, उलट लहान, हलकी आणि कोपऱ्यापर्यंत चोख असते.

ओरायन-१५ ही २८ मिमी एफ ६ ची रशियन लेन्स अशीच आहे. झाइसच्या टोपोगॉन रचनेवर बेतलेली, रेषा अगदी सरळ ठेवणारी. रेंजफाइंडरशी जुळते. ज्युपिटरपेक्षा कमी मिळते आणि महाग पडते. रुसार एमआर-२ ही २० मिमी एफ ५.६ ची, मिखाईल रुसिनोव्ह यांच्या रचनेची. तिला रेंजफाइंडरची जोडणी नाही, अंतर अंदाजाने लावावं लागतं. २०१४ मध्ये लोमोग्राफीने ती पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे जुनी आणि नवी अशा दोन्ही मिळतात. नवी महाग आहे.

कोसिनाने १९९९ पासून फोग्टलेंडर नावाने काढलेल्या स्क्रू माउंटच्या लेन्स या यादीत सर्वांत भरवशाच्या. त्या तुलनेने नव्या आहेत, लेप आधुनिक आहे, वंगण अजून सुकलेलं नसतं. १५ मिमी एफ ४.५ ची पहिली आवृत्ती आणि २५ मिमी एफ ४ या दोन्हींना रेंजफाइंडरची जोडणी नाही. १५ मिमीची दुसरी आवृत्ती एम माउंटची आहे आणि ती जुळते. २१ मिमी एफ ४, २८ मिमी एफ ३.५ आणि ३५ मिमी एफ २.५ या स्क्रूच्या तिन्ही लेन्स जुळतात. पैसे साठवून एकच लेन्स घ्यायची असेल आणि बॉडी स्क्रूची असेल, तर २८ मिमी एफ ३.५ घ्या. सगळ्यांत जास्त ठिकाणी तीच उपयोगी पडते. १५ आणि २५ मिमी नव्या असताना सोबत बाहेरचा फाइंडर यायचा. जुन्या बाजारात तो काढून वेगळा विकलेला असतो, तेव्हा ‘फाइंडरसह का?’ हे विचारून घ्या.

जोडणी नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. लेन्स जितकी रुंद तितका फोकसचा पट्टा मोठा. २१ मिमी, एफ ८, अंतर १.८५ मीटरवर ठेवलं तर साधारण ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २८ मिमी एफ ११ वर २.४ मीटरला ठेवली तर १.२ मीटरपासून. ३५ मिमीला एवढी सूट नाही, एफ ८ वर ५.१ मीटरला ठेवल्यावर २.६ मीटरपासूनच. मोठ्या प्रिंट काढायच्या असतील तर या सगळ्यांत एक स्टॉप आणखी बंद करा, म्हणजे एफ ८ चं ११. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक पुढे सरकत असते, बाराबंदी घातलेली माणसं एक-दीड मीटरवरून जात असतात. तिथे दोन प्रतिमा जुळवत बसायला वेळ मिळत नाही. ४०० चा रोल, १/५००, २८ मिमी, एफ ११, अंतर २.४ मीटर. एवढं लावून ठेवलं की उन्हं आहेत तोवर फक्त चौकट पाहायची.

शेडच्या आत

ट्यूबलाइटच्या उजेडातल्या शेडमध्ये ४०० आयएसओवर साधारण एफ २.८ ला १/३० मिळतो. ओरायनची एफ ६ तिथे १/८ वर जाईल, म्हणजे मागही हलेल आणि विणकराचा हातही. यासाठी ३५ मिमी एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची लेन्स पाहिजे.

ज्युपिटरशिवाय जपानी पर्याय चांगले आहेत. कॅननची ३५ मिमी एफ २.८, आणि उजेड जरा जास्त असेल तिथे कॅननचीच २८ मिमी एफ ३.५ किंवा कोमुराची ३५ मिमी एफ ३.५, सगळ्या स्क्रू माउंटच्या. निक्कोरची ३५ मिमी एफ २.५ छान आहे, पण संग्राहकांमुळे भाव चढलेला असतो. १९५०-६० च्या जपानी लेन्समध्ये अ‍ॅपर्चरच्या पात्यांशेजारच्या काचांवर धुरकट थर बसलेला आढळतो. तो वेळेत पुसला तर निघतो, पण खूप वर्षं राहिला असेल तर काच किंवा लेप कोरला जातो आणि साफ करूनही धूसरपणा राहतो. ‘थोडा हेझ, फोटोवर परिणाम नाही’ असं लिहिलेली लेन्स अर्ध्या भावात मिळाली तरच विचार करा.

एम बॉडीवाल्यांसाठी सेव्हन आर्टिझन्सची ३५ मिमी एफ २ आणि टीटीआर्टिझनची २८ मिमी एफ ५.६ या दोन्ही नव्या, जोडणीसह आणि कमी पैशांत मिळतात. पहिली शेडसाठी, दुसरी उन्हासाठी. सेव्हन आर्टिझन्सची २८ मिमी एफ १.४ ही लेन्स पाहून मोह होतो, पण ती अर्ध्या किलोच्या आसपास आहे, व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकते आणि एफ १.४ वर फोकसची मुभा ०.०४ मिमी एवढीच उरते. जुन्या, थोड्या ढिल्या रेंजफाइंडरवर ती मुभा टिकत नाही. मोठ्या छिद्राच्या स्वस्त वाइडपेक्षा एक स्टॉप मंद लेन्स आणि ८०० पर्यंत पुश केलेला, म्हणजे ८०० आयएसओ धरून वापरलेला आणि जास्त वेळ डेव्हलप केलेला, रोल हे जास्त भरवशाचं आहे.

व्ह्यूफाइंडरचा खर्च आधीच धरा

झोर्की-४, फेड-२, स्क्रू लायका आणि किएव्हचा फाइंडर ५० मिमीचाच. कॅनन पी आणि कॅनन ७ मध्ये ३५ ची चौकट आहे. २८ ची चौकट लायकामध्ये एम४-पीपासून, म्हणजे १९८० पासून आली. याहून रुंद काहीही लावलं तर वरच्या खाचेत बाहेरचा फाइंडर बसवावा लागतो, आणि कित्येकदा फाइंडर लेन्सइतकाच महाग पडतो. लेन्सच्या किमतीत तो धरूनच तुलना करा.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाच भिंगांचा फिरता रशियन फाइंडर: २८, ३५, ५०, ८५ आणि १३५. झोर्की-फेडसाठीचा आणि किएव्हसाठीचा वेगळा असतो. तो जड आणि बोजड आहे, पण काम चोख करतो. २१ किंवा २० साठी मात्र वेगळा फाइंडर शोधावा लागतो. २१ चा फाइंडर २० च्या रुसारला चालून जातो.

तोवर पुठ्ठ्याची चौकट वापरा. जाड पुठ्ठ्यात आतून ७२ × ४८ मिमीची खिडकी कापा. ती डोळ्यापासून ५६ मिमीवर राहिली की २८ मिमी लेन्सचं दृश्य दिसतं, ७० मिमीवर राहिली की ३५ चं. नियम असा की चौकट फिल्मच्या दुप्पट, म्हणून अंतरही लेन्सच्या मिमीच्या दुप्पट. कडक पट्टीवर चौकट उभी चिकटवा आणि पट्टीचं दुसरं टोक गालाच्या हाडाला टेकवा. कडा थोड्या धूसर दिसतात, पण काय आत येतंय ते कळतं.

बाहेरचा फाइंडर लेन्सच्या वर सहा-सात सेंटिमीटर असतो. दहा मीटरवर हा फरक नगण्य, एक मीटरवर तेवढंच डोकं कापलं जातं. जवळून माणसाचा फोटो घेताना फाइंडरमध्ये डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा. आणि कॅमेरा पातळीत धरा. वाइड लेन्स वर वळवली की नंदीध्वज, मनोरे, तट सगळं मागे कलतं. उंच गोष्टीसाठी कॅमेरा उभा धरून मागे जा आणि नको असलेली जमीन प्रिंट करताना कापा.

लेन्स हातात आल्यावर

परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळं उरका.

पहिल्यांदा टॉर्च. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. दोन-चार धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, ते सोडून द्या. पात्यांवर तेल दिसलं तर आरशाच्या कॅमेऱ्याइतकी काळजी नको, कारण इथे पाती आपल्याच हाताने फिरतात, स्प्रिंगने नाही. मात्र तेलाचा थर शेजारच्या काचेवर उडालेला नसावा. फोकसची रिंग पूर्ण फेरीत सारखी फिरली पाहिजे. जड असेल तर वंगण सुकलंय, ते दुरुस्त होतं. एकाच ठिकाणी अडकत असेल तर लेन्स पडलेली असू शकते, ती परत करा. लेन्स स्वतः उघडू नका. फोकसचे आटे अनेक सुरुवातींचे असतात. कुठल्या आट्यातून सुटले ते खूण न करता वेगळे केले की फोकस पुन्हा जुळवणं फार किचकट होतं.

बॉडीवर चढवताना बोटांच्या जोरावरच फिरवा. पहिला अर्धा वळसा अडला तर उलटं फिरवून आटे पुन्हा जुळवा. लायका आणि कॅननमध्ये रेंजफाइंडरच्या दांडीला गोल चाक असतं, फेड आणि झोर्कीमध्ये पाचरीसारखं टोक. मागची कडी पूर्ण गोल असेल, जशी ज्युपिटर-१२ ची, तर काही अडत नाही. कडी अर्धवट किंवा उतरती असेल तर टोक तिच्या कडेला अडकू शकतं. अशी लेन्स फेड-झोर्कीवर लावू नका.

मग फोकस. झोर्की-४ आणि फेड-२ ची मागची बाजू पूर्ण निघते, त्यामुळे हे सोपं जातं. रोल नसताना मागची बाजू काढा. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर चढवा, बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो वेग) ठेवा आणि कुलूप लागणाऱ्या केबल रिलीजने उघडं धरा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून दूरच्या मोबाइल टॉवरकडे रोखा आणि कागदावरची प्रतिमा भिंगातून पाहा. भिंग नसेल तर ५० मिमी लेन्स उलटी धरा.

फोकस अनंताच्या टोकाला असताना टॉवर सर्वांत स्पष्ट दिसायला हवा. तो अंधुक असेल आणि त्याच वेळी कुठली तरी जवळची वस्तू स्पष्ट असेल, तर लेन्स फिल्मपासून दूर बसते आहे: अडॅप्टर जाड आहे, आट्यांत घाण आहे किंवा लेन्समध्ये जास्तीची चकती आहे. टॉवर १० मीटरच्या खुणेवरच स्पष्ट होत असेल, तर लेन्स जवळ बसते आहे. मग टेपने मोजून बरोबर दीड मीटरवर छापील कागद लावा, रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळवा आणि ट्रेसिंग पेपरवर अक्षरं स्पष्ट आहेत का बघा. अनंतावर ठीक आणि जवळ चूक असेल, तर दोष लेन्सच्या कडीत किंवा रेंजफाइंडरच्या दांडीत आहे. तुमची ५० मिमी लेन्स त्याच जागी ठीक येत असेल तर बॉडी निर्दोष. टीटीआर्टिझनच्या काही लेन्सवर ही जुळवणी करायचे बारीक स्क्रू दिलेले असतात. स्क्रू लायकाची मागची बाजू उघडत नाही, तिथे रोल टाकूनच तपासावं लागतं: एक मीटरवर तिरपी फूटपट्टी, पूर्ण उघडं छिद्र, स्टँडवर कॅमेरा.

याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट असणाऱ्यांची लेन्स निघतच नाही. इलेक्ट्रोसाठी याशिकाचाच पुढे लावायचा वाइड जोड मिळतो, तो ४५ मिमीला ३८ च्या आसपास आणतो. व्हिडिओ कॅमेऱ्याचे ०.४५ चे जोड आट्यांवर बसले तरी कोपरे काळे आणि धूसर येतात, त्यावर पैसे घालवू नका. त्या पैशांत एखादी चालू फेड-२ मिळते का ते पाहा.

ऑनलाइन मागवताना विकणाऱ्याच्या किमतीवर टपालखर्च आणि त्या दोन्हींवर आयात शुल्क व कर लागतात, हे धरून अंदाज करा. देशातच कुणाकडे मिळाली आणि हातात घेऊन पाहता आली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

सांभाळताना

सोलापूरची कोरडी हवा लेन्सला मानवते. किनारपट्टीच्या शहरांपेक्षा इथे बुरशी कमी लागते, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर बेसावध राहू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत लेन्स ठेवली तर वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरतं. शेडमध्ये कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, म्हणून लेन्स बाहेर येऊन बदला.

सोव्हिएत बॉडीवर शटरचा वेग नेहमी शटर चढवल्यावरच बदला, नाहीतर आतली यंत्रणा बिघडते. आणि उन्हात कॅमेरा गळ्यात असताना लेन्सला झाकण ठेवा. आरसा नसल्यामुळे सूर्य थेट कापडी पडद्यावर केंद्रित होतो आणि पडद्याला बारीक भोक पाडतो. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येऊ लागतो. तसा ठिपका आधीच येत असेल तर पडदा उजेडासमोर धरून भोक शोधा, काळ्या रबरी फॅब्रिक पेंटचा पातळ थेंब लावा आणि रात्रभर वाळू द्या. थेंब जाड झाला तर पडदा गुंडाळताना चिकटतो.